मोहरीएवढा मंगळ

किस्से माशाच्या खवल्यांसारखे असतात. चिकटतात तेव्हा कळत नाही, घरी जाऊन पदर झटकला की दिसतात. आमच्या वाडीत सरकारी प्रौढवर्ग निघाला आणि मॅट्रिक झालेली म्हणून मला शिकवायला बसवलं, तेव्हापासून माझा पदर असाच भरलेला आहे.

वर्ग दुपारी, देवळाच्या मंडपात. मासे विकून आलेल्या बायका रिकाम्या पाट्या खांबाशी ठेवून पाटी-पेन्सिल हातात घ्यायच्या.

एक दिवस शेवंता म्हणाली, "बाईनू, माका एक सांगा. मंगळ केदो आसता?"

शेवंताच्या मुलीला, मंदाला कडक मंगळ होता. स्थळं यायची, पत्रिका बघायची आणि चहा पिऊन परत जायची.

"केवढा ते कशाला गं?" मी विचारलं.

"माझ्या चेडवाक तो बसलोसा. केदो आसा, ता तरी कळांदे."

* * *

मुलाचं भूगोलाचं पुस्तक वाचून दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरच घेऊन गेले. पृथ्वी म्हणजे मिऱ्याचा दाणा. शुक्रही जवळजवळ तेवढाच, म्हणून दुसरं मिरं. मंगळ पृथ्वीच्या निम्मा, म्हणून मोहरी. बुध त्याहून बारीक मोहरी. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे दोन लहान सुपाऱ्या. शनी म्हणजे कोकमाचा रातांबा आणि गुरू सगळ्यांत मोठा, म्हणून लिंबू.

"आणि सूर्य?"

त्या मापाचं माझ्या घरात काहीच नव्हतं. शेवटी शेवंताचीच माशांची पाटी मधे ठेवली.

म्हातारी पार्वती वाकून म्हणाली, "सूर्याक सुकटाचो वास येता."

* * *

गुरूचा धडा मोठ्याने चालला होता. "गुरू आकाराने सगळ्यांत थोर. पण आत पाय ठेवायला घट्ट जमीन नाही. बहुतेक सगळा वायूच."

नेमके शाळेचे गुरुजी मंडपावरून चालले होते. थांबले. "बाई, माझ्याविषयी चाललंय का?"

पार्वतीने सावरून घेतलं. "तुमच्याविषयी नाय, गुरुजीनू. तो गुरू मोठो आसा."

* * *

शनीला कडं हवं म्हणून एकीने हातातली बांगडी काढून रातांब्याभोवती ठेवली. पार्वतीने मान हलवली. "बांगडी? मगे तो शनी न्हय गो. ती सासू आसतली."

हसणं थांबल्यावर मी सांगितलं की शनी पाण्याहून हलका आहे. तेवढा मोठा समुद्र असता तर त्यात तरंगला असता.

आता पार्वती हसेना. तिच्या नवऱ्याची इंजिनाची होडी होती. "इंजिन बंद पडला काय माझो घोव शनीक गाळी घालता. तो तरंगता, मगे होडी बुडयता कोण?"

इंजिनात तेल घालायला कोण विसरतं, ते सगळ्या वाडीला माहीत होतं.

* * *

शेवंताचं लक्ष मात्र मोहरीवरच होतं. "हो तांबडो कित्याक म्हणतत?"

"त्याच्या मातीत लोखंड आहे. त्याला गंज चढलाय."

"गंज? होडयेच्या नांगराक धरता, तोच?"

"तोच."

तिने मोहरी चिमटीत उचलली. मग म्हणाली, "तो माका ठावक आसा." आणि ती मोहरी पदराच्या टोकाला बांधून घेऊन गेली.

* * *

त्यानंतर कुणकेश्वराकडचं स्थळ आलं. मुलगा बोटीवर इंजिन सांभाळणारा, मंदा त्याला आवडलेली. तो दाराशी बसला होता. बोलत होते त्याचे मामा. शेवंताने मलाही बोलावून घेतलं होतं.

पोहे झाले. मामांनी पत्रिका घडी करून परत दिली. "पोरगी बरी आसा. पण मंगळ बसलोसा. आमच्या घराक झेपाचो नाय."

मंदा आतल्या दारातून दिसेनाशी झाली. शेवंता उठली, पदराची गाठ सोडली आणि मामांच्या एका तळहातावर मोहरी ठेवली. मग मसाल्याच्या डब्यातलं मिरं काढून दुसऱ्यावर ठेवलं.

"हो मंगळ. आणि ही पृथ्वी. तुमी, आमी, तुमचा घर, सगळा हेच्यार. आता सांगा, कोण कोणाक झेपाचो नाय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माप बरोबर आहे."

मामा मोहरी निरखायला हात डोळ्यांजवळ न्यायला गेले आणि ती घरंगळली. सारवलेल्या जमिनीवर मोहरी कुठली दिसते? मामा गुडघ्यांवर बसून चाचपू लागले.

दाराशी बसलेला मुलगा म्हणाला, "मामानू, रवांदे तो मंगळ. गावलो तर परत बसतलो."