हनीफचाचांचा दिवा

हनीफचाचा यंत्राच्या कुठल्याही खड्ड्यात विचारल्याशिवाय उतरत नसत. आधी काठावर उकिडवे बसत, हातातला वीतभर दिवा पेटवत आणि दिव्याला जोडलेली रबरी नळी हळूहळू खाली सोडत. दिवा हातात, नळीचं तोंड अंधारात. मग शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणत, "युसुफ, येऊ का रे?"

उत्तर येत नसे. ते ज्योतीकडे पाहत थांबत. ज्योत निळी राहिली तर उतरत. हिरवी झाली तर उठून गुडघे झटकत आणि म्हणत, "बसलाय अजून. चहा सांगा."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला होता. हसनाबादच्या शेतकरी घरातला मी पहिला पदवीधर. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि अंबडजवळच्या एका खाजगी दूध शीतकरण केंद्रावर सुपरवायझर म्हणून लागलो. नव्वदीचं दशक होतं. हनीफचाचा तिथली यंत्रं सांभाळायला येत. मी शिकलेला म्हणून ते मला 'मास्तर' म्हणत. मास्तर नव्हतो, पण ती हाक मला आवडायची.

त्यांची दुसरी खोड गावाला जास्त खटकायची. जुनं फ्रिज किंवा मशीन मोडीत काढायचं तर इतर मिस्त्री नळी कापून गॅस हवेत सोडून देत. फुस्स, काम संपलं. चाचा तसं करत नसत. मोडक्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचाच त्यांनी एक पंप केला होता. बर्फाच्या पाण्यात टाकी ठेवून तो गॅस ते थेंबाथेंबानं टाकीत ओढून घेत. त्यात अख्खा दिवस जाई. मग टाकीवर खडूनं वजन आणि गावाचं नाव लिहून ती सायकलवरून घरी नेत. पुढच्या अंगणातल्या खोलीत अशा टाक्या उभ्या होत्या, आणि दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर चाचा एकेक टाकी काट्यावर ठेवून वजन ताडून पाहत. पोरं म्हणायची, चाचा भुतं कोंडून ठेवतो. चाचांना ते ऐकू येई. ते म्हणत, "बराबर बोलून राह्यले. फकस्त नाव चुकलं."

एकदा मी विचारलंच, "चाचा, हा युसुफ कोण?"

"माझा मोठा भाऊ. माझा उस्ताद." ते पाना पुसत राहिले. "एका फळांच्या गोदामात काम होतं. तो खड्ड्यात बसून नट सोडवून राह्यला होता. मी वर. मालकाला घाई, म्हणून मी गॅस मोकळा केला. म्हटलं, गॅस हाय, वर उडून जाईल. धूर न्हाई का जात? पन तो उडाला न्हाई. वास न्हाई, रंग न्हाई. पान्यासारखा खड्ड्यात भरला. मी वरून बोलून राह्यलो, युसुफ हूं हूं करून राह्यला. मंग त्याचा आवाज जाडा झाला. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसलो, मास्तर."

ते पुन्हा पाना पुसू लागले. खड्ड्यात हा गॅस असला की दिव्याची ज्योत हिरवी होते, हे मला तेव्हा कळलं.

काही महिन्यांनी मी वर्तमानपत्रात वाचलं की हाच गॅस वर्षानुवर्षं टिकतो, हळूहळू फार उंच जातो आणि कडक उन्हापासून आपल्याला राखणारा ओझोनचा थर खातो. मी कात्रण घेऊन धावत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी आधी खाली बसतो, मंग वर जातो, आन् मरत बिलकुल न्हाई. तुमच्या कागदात आता आलं. मला युसुफनं आधीच सांगितलं."

मग आमच्या केंद्रावरचं जुनं मशीन भंगारात काढायचं ठरलं. ते पुरुषभर खोल खड्ड्यात बसवलेलं होतं. सकाळपासून चाचा गॅस ओढत होते. दुपारी शहागडहून भंगारवाल्याचा ट्रक येऊन उभा राहिला. केंद्राचे मालक शेठ माझ्यावर उखडले, "सुपरवायझर तुम्ही का तो म्हातारा? हवाच आहे ती, सोडून द्या! जल्दी!"

चाचा नमाजाला गेले होते. नोकरी माझ्या साऱ्या घराची होती. मी वरच्या नळीचा व्हॉल्व्ह उघडला. बारीक फुत्कार झाला, बाकी काही नाही. थोड्या वेळानं पाना खाली राहिलेला दिसला, म्हणून मी पायऱ्या उतरलो. हा गॅस हवेपेक्षा चौपट जड असतो, हे मी परीक्षेत रेणुभार मांडून लिहिलं होतं. त्याचे गुणही मिळाले होते. उतरताना त्यातलं काही आठवलं नाही.

खाली वाकलो. शिपाई रामकिसन वरून म्हणाला, "सापडला का?" मी "हो" म्हणालो, आणि तो आवाज माझा नव्हता. जाड, संथ, कुणीतरी माझ्या गळ्यात बसून बोलल्यासारखा. भीतीसुद्धा वाटली नाही, हे आज जास्त भयंकर वाटतं. उलट गोड झोप यावी तसं झालं. कोपऱ्यात केंद्रावरची मांजर अंगाची मुटकुळी करून निजली होती. मला वाटलं, आपणही जरा टेकावं.

"कुनी उतरू नका! रामकिसन, पाय टाकला तर तंगडी मोडीन!" चाचांची हाक फार लांबून आली. ते काठावर पालथे पडले होते. दोराचा फास माझ्या तोंडासमोर लोंबत होता. "हात घाल! मास्तर, हात घाल! तू हसू नको रे, हात घाल!"

मी हसत होतो, हे मला तेव्हा कळलं. मी हात घातला.

वर अंगणात श्वास लागला तेव्हा चाचा माझ्या उशाशी बसले होते. मांजर उठली नाही. शेठनी ट्रकवाल्याला उद्या ये म्हणून सांगितलं. चाचांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि मशीनमध्ये उरलेला गॅस दुसऱ्या दिवशी टाकीत ओढला. टाकी जेमतेम अर्धी भरली. तिच्यावर त्यांनी गावाऐवजी 'मास्तर' लिहिलं.

"माझं नाव कशाला, चाचा?"

"ह्यात हाय तेवढा तुमचा. गेला तोबी तुमचाच. पन तो आता हाती येनार न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढची काही वर्षं आम्ही दोघं मिळून त्या टाक्यांसाठी ठिकाण शोधत राहिलो. मी अर्ज लिहायचो, चाचा शेजारी बसून म्हणायचे, "लिहा, की मी म्हातारा झालो, पन हा होनार न्हाई." उत्तरं येत नसत. दोन हजार साल उलटल्यावर ते साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुनी उघडनार तर न्हाई ना, मास्तर?" मी नाही म्हणालो, आणि त्या शब्दानं बांधला गेलो.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि भंगारवाले दारात येऊ लागले. चाचींनी एकालाही उंबरा ओलांडू दिला नाही. अखेर परराज्यातल्या एका कारखान्याचं पत्र आलं. असा गॅस भट्टीत जाळून संपवण्याची तिथे सोय होती. टेम्पो आला त्या सकाळी चाचींनी माझ्या हातात खोलीची किल्ली आणि दिवा दिला.

मी उंबऱ्याशी उकिडवा बसलो. दिवा पेटवला, नळी फरशीवर सोडली. ज्योत निळीच राहिली. इतक्या वर्षांत चाचांच्या एकाही टाकीतून काही निसटलं नव्हतं. तरी तोंडातून गेलंच, "युसुफभाई, येऊ का?" टेम्पोवाला मागे सरकला. "कोनाशी बोलून राह्यले, साहेब?"

एकेक टाकी काट्यावर चढली. खडूचा आकडा आणि काट्याचा आकडा जुळत गेला. सगळ्यात शेवटी 'मास्तर' आली. टेम्पोवाल्यानं ती एका हातानं उचलली. "ही हलकी कशी? बाकीचा कुठं गेला?"

"वर," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. मीही केली. अंबडवर आभाळ स्वच्छ निळं होतं. निळं म्हणजे कुणी नाही, असं चाचांनी मला शिकवलं होतं. त्या एका निळ्यावर मात्र माझा आजही विश्वास बसत नाही.