डबीतलं भजन आणि पार्ल्याचे व्याही

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. मी माझी अक्कल कशी चारचौघांत काढली ते सांगतोय, ठसका लागायचा.

माझ्याकडे गाण्याची डबी आहे. काडेपेटीएवढी. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या दुकानदाराकडून त्यात भजनं भरून घेतली. खिशात हात घालायचा, बटण दाबायचं, झालं. मुलाने मोबाईल दिला, पण त्यात अभंग रंगात आला की कुणीतरी बाई विचारते, लोन हवंय का. मेल्यांनो, ह्या वयात लोन घेऊन मी फेडणार कधी?

आमचे व्याही विलेपार्ल्याचे, शिकलेले. त्यांचं म्हणणं, सगळं जग मोबाईलमध्ये आहे. मी म्हणायचो, म्हणूनच गाण्याला जागा नाही. माझ्या डबीत मध्ये कुणी तोंड घालत नाही. ह्यावरून दोन दिवाळ्या नासल्या.

मुलाने दिंडोशीला घर घेतलं. सत्यनारायण ठेवला. मला बजावलं, "अप्पा, आज सासऱ्यांशी भांडू नका. गाऱ्हाणं तेवढं तुम्ही घाला." आम्हा कोकणातल्या माणसांत थोरल्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मोबाईल मी रागाने घरीच ठेवून गेलो.

कथा सुरू झाली आणि व्याह्यांचा मोबाईल वाजला. एकदा नाही, तीनदा. माझं डोकं फिरलं. बोललो मात्र नाही, शब्द दिला होता ना. टोपी कानांवर ओढली, तिच्याखाली डबीच्या वायरी कानांत खुपसल्या, डोळे मिटून हात जोडले.

कथा कधी संपली, भटजींनी मला गाऱ्हाण्याची खूण कधी केली, मला काय कळणार? मी आपला मनातल्या मनात देवाशी बोलत होतो. म्हणजे, मला तसं वाटत होतं. कानात टाळ-मृदंग असला की माणसाला आपला आवाज कुठे कळतो?

एक भजन संपून दुसरं लागायच्या फटीत माझाच आवाज ऐकू आला, खणखणीत:

"...आणि ह्या पार्ल्याच्या व्याह्याचो मोबाईल कायमचो बंद पाड, ह्येचा पाऊल माझ्या दारात पडाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळं घर म्हणालं. सवयच ती. शब्द कोण ऐकतो? व्याहीसुद्धा हात जोडून म्हणाले. मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात शिरलं.

मुलगा पूजेला बसलेला, उपरण्याची गाठ सुनेच्या पदराला, त्याला उठता येईना. हातात फोन. दात आवळून म्हणाला, "अप्पा, कधीपासून तुम्हाला फोन लावतोय. मोबाईलवर ऐकत असतात, तर पहिल्या शिवीलाच भजन थांबलं असतं."

सून रडायच्या बेतात. मी वायरी काढल्या. व्याही उठले, प्रसादाचा द्रोण आणून माझ्या हातावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "अप्पा, तुमचंच खरं. त्या डबीत मध्ये कुणी तोंड घालू शकत नाही."

मी खाली मान घालून म्हटलं, "व्हय म्हाराजा."