इंदूआक्कांनी लिहिणं थांबवलं

इंदूआक्का मुलांसाठी लिहायच्या, आणि लिहिलेली गोष्ट वाचायच्या ती ओरडून. बेळगावच्या वडगावात त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात त्यांच्या यजमानांचे माग चालायचे आणि मधल्या खोलीत गल्लीतली पोरं मांडी घालून बसायची. त्या खडखडाटात लांब वाक्य शेवटपर्यंत पोचायचंच नाही. म्हणून आक्कांची वाक्यं आखूड. पुढे पुण्याच्या एका समीक्षकांनी त्या आखूड वाक्यांचं फार कौतुक केलं, तेव्हा आक्का हसून म्हणाल्या, "त्यास्नी म्हणावं, एक दिस मागाशेजारी बसून बोलून बघा. आपसूक जमतंय."

मी निपाणीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. कोल्हापूरच्या प्रकाशकांनी आक्कांच्या एका पुस्तकाची चित्रं मला काढायला दिली आणि "एकदा बाईंना दाखवून या" म्हणाले. मला वाटलं, बाई चहा देतील, छान म्हणतील, आपण परत येऊ. बाईंनी चित्रांकडे पाहिलंही नाही. ती सरळ पोरांच्या मधोमध ठेवली. एका मुलीनं शेळीवर बोट टेकवलं.

"ही कुणाची?"

"गोष्टीतली," मी म्हणालो.

"न्हाय. ही कुणाचीच न्हाय," असं म्हणून ती दुसरीकडे वळली.

आक्कांनी मला गल्लीच्या टोकाला एका खऱ्या शेळीपुढे नेऊन बसवलं. "मास्तर, आधी हिची वळख करून घ्या. चित्र मागनं काढा." दुपारभर बसलो. शेळीनं माझ्या पिशवीचा बंद खाल्ला. संध्याकाळी मात्र पोरं चित्र बघताच ओरडली, "ही तर आप्पांची!"

तेव्हापासून त्यांच्या सगळ्या पुस्तकांची चित्रं मीच काढली. रविवारी सकाळी निपाणीहून बस धरायची आणि जेवायच्या आत वडगाव गाठायचं. आक्का वाचत असताना कोण चुळबुळतंय, कोण उठतंय, ते बघायचं काम माझं. "पोरगं उठलं म्हंजे पान उठलं," असं म्हणून त्या तिथं आडवी रेघ मारायच्या. पण त्यांचा खरा जीव पोरांच्या प्रश्नांत. एकदा कुणीतरी मध्येच विचारलं, "आक्का, राजाला कानडी येत हुतं काय?" आक्का थबकल्या. पुढच्या रविवारी त्या गोष्टीतला राजा कानडी येत नसल्यामुळे स्वतःच्याच बाजारात भाजी घ्यायला अडला होता, आणि पोरं हसून हसून लोळत होती.

आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. आक्काही तसंच बोलायच्या आणि त्यांच्या गोष्टींतल्या मुलीही. एका नव्या संपादकांनी सगळीकडे "मी आले" करून टाकलं. आक्कांनी छापायला निघालेलं पुस्तक थांबवलं. संपादकांना फोनवर म्हणाल्या, "ही ‘आले’ कोण हो? आमच्या गल्लीत असली पोरगी न्हाय. तुमच्या गल्लीतली असंल, तर तिची गोष्ट तुम्ही लिवा." पुस्तक उशिरा निघालं, पण "मी आलो"सकट निघालं.

मग त्यांचे यजमान गेले. मुलगा नोकरीला लागला होता. त्याने माग विकले. घर एकाएकी शांत झालं आणि त्या शांततेत आक्कांचं दुखणं उघडं पडलं. माग चालू होते तोवर त्या घरात सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे आक्कांना ऐकू कमी येतंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता लोक हळू बोलू लागले आणि त्यांना काही कळेना.

तो रविवार मला अजून दिसतो. कासवाची नवी गोष्ट अर्ध्यावर आली होती. एका मुलीनं विचारलं, "कासवाची आई कुठं गेली?"

आक्का खुशीत म्हणाल्या, "व्हय, लई पाऊस पडला की!"

पोरं हसली. गोष्टीला हसली असं समजून आक्काही हसल्या. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काय झालं ते मी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी कागद मांडीवर पालथे घातले आणि पोरांना शेंगदाण्याचे लाडू दिले.

कानातलं यंत्र आलं. ते लावून आक्कांनी पोरांना पुन्हा बोलावलं. थोड्या वेळानं यंत्र काढून हातात घेतलं. "स्कूटर ऐकू येतीया, भांडी ऐकू येत्यात. पोरंच तेवढी न्हाईत ह्यात."

मी मोठ्यानं बोलून खूप समजावलं. "आक्का, लिहायला कान कशाला हवेत? इतक्या वर्षांची सवय आहे हाताला."

"त्येचंच तर भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "हात लिवत जाईल, आणि चुकलं तर सांगणार कोण?"

बेळगावच्या एका वाचनालयात त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. आक्कांनी उभं राहून सांगितलं, की आता मी लिहिणार नाही. लोकांना तो विनय वाटला. अध्यक्ष त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "बाई, लेखक कधी निवृत्त होत नसतो!"

"विणकर हुतो, मास्तर हुतो," आक्का माईकवरच म्हणाल्या. "मग मीच काय घोडं मारलंय?"

सभागृह हसलं. मी मागच्या रांगेत होतो. मला हसू आलं नाही. दर रविवारी सकाळी आता कुठं जायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

नंतर त्या संकेश्वरला लेकीकडे राहायला गेल्या. मी गेलो तेव्हा उसाचा हंगाम होता, रस्ताभर ट्रॅक्टर. आक्का गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. खाली पोरं खेळत होती. मी मोठ्यानं हालहवाल विचारली. त्यांनी हातानंच गप्प केलं.

"ती निळ्या झग्यातली बघा. आऊट झालीया, पर कबूल करंना. आता रडंल."

पोरगी खरंच रडली. आक्का टाळी वाजवून हसल्या.

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "आक्का, अजून सगळं दिसतंय तुम्हाला. लिहा की. मी रविवारी इकडं येत जाईन."

 खालची नजर न काढता त्या म्हणाल्या, "मास्तर, जलमभर पोराकडं बघितलं की पयलं मनात यायचं, ह्यातलं काय घेऊ? हसलं तरी तेच, रडलं तरी तेच. आता काय घ्याचं न्हाय. ती खेळत्यात, मी बघतो. लई बरं वाटतंय हो."

त्यांचा चेहरा खरोखर हलका झाला होता.  लेकीनं चहा आणला. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून, पोरं घरी जाईपर्यंत, खाली बघत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. मी अजून चित्रं काढतो. गोष्टी फोनवर येतात, चित्रं फोनवरच जातात आणि लगेच पसंत पडतात.