दुखते ना, मग बरं आहे

तान्हा पोळा तोंडावर आला आणि माझा उजवा पाय बंद पडला. मला राग आला तो पायाचा नव्हे, मुहूर्ताचा. मी सहा वर्षांची होते. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आम्हा लेकरांचा, चाकांवरच्या लाकडी नंदींचा. सजवलेला नंदी दोरीनं ओढत घरोघरी बोजारा मागायचा, की हातावर खाऊ पडायचा. बाबांनी हातमागावरचं विणकाम सांभाळून माझा नंदी रंगवला होता, त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले होते. त्यापलीकडे मला जगात काही दिसत नव्हतं.

त्याआधी सर्दी-ताप येऊन गेला होता. घरात सगळ्यांनाच आला होता, त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी खाटेवरून उतरले आणि पाय टेकवेना.

"काहून लंगडून राहिली वं?" आईनं विचारलं.

"पाय ऐकत नाही," मी म्हटलं.

आईच्या हातातली परात खाली पडली. आमच्या गल्लीतल्या एका पोरीला असाच ताप आला होता आणि नंतर तिच्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट चढला होता. पोलिओ हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही. बाबांनी माग तसाच सोडला, मला उचललं आणि सायकलरिक्षात बसवलं. आई वाटभर माझा पाय मांडीवर घट्ट धरून होती. मला मात्र रिक्षा मिळाली म्हणून भारी मजा वाटत होती.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय टुणकन उडाला. मला ते इतकं आवडलं की मी म्हटलं, अजून एकदा मारा. मग त्यांनी पाय मांडीपासून आत वळवला आणि मी दवाखाना डोक्यावर घेतला.

"दुखते ना? मग बरं आहे," डॉक्टर आईला म्हणाले. "पोलिओत पाय लुळा पडतो. हिच्या पायात ताकद आहे, खुबा दुखतो म्हणून ती टेकवत नाही. ताप गेला, पण जाता जाता सांध्याला सूज देऊन गेला. लहान पोरांना होतं असं. झोपवून ठेवा, उतरेल."

आईनं यातलं पहिलंच वाक्य तेवढं घरी आणलं. सकाळ-संध्याकाळ माझा पाय वळवायची आणि विचारायची, "दुखते का वं?" मी बोंबलले की तिचा चेहरा खुलायचा, लगेच देवापुढे उदबत्ती लागायची. लेकराला दुखतं म्हणून खूश होणारी आई मी दुसरी पाहिली नाही. असा संताप यायचा मला.

तान्ह्या पोळ्याची सकाळ उजाडली. गावातली रोगराई सोबत घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली होती. ढोल लांबून ऐकू येत होते आणि माझा जीव खाटेवर तळमळत होता. आईनं नेमानं पाय वळवला.

"दुखते का?"

"नाही."

"नीट सांग. जरासं तरी दुखत असंल."

"काहीच नाही दुखत."

आई पांढरी पडली. "अहो, दुखत नाही म्हणते हो पोरगी," म्हणत ती रडतच बाबांकडे धावली. दुखणं म्हणजे बरं, तर न दुखणं म्हणजे काय, हे तिनं मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. नंदीला बेगड लावता लावता बाबा समजावत राहिले. ती ऐकेना, रिक्षा आणा म्हणाली. तेवढ्यात ढोल अगदी दाराशी आले. मग कोण थांबतं? मी खाटेवरून उडी मारली, दोघांच्या मधून पळत ओट्यावर गेले आणि नाचायला लागले.

मागे पाहिलं तर आई उंबरठ्यावर बसली होती, माझ्या पायांकडे बघत.

संध्याकाळी माझा नंदी मीच ओढला. केवढा मिरवला. गर्दीत कुण्या पोराच्या जड नंदीचं चाक माझ्या अंगठ्यावरून गेलं आणि मी भोकाड पसरलं. एरवी आईनं त्याच्या घरापर्यंत जाऊन भांडण केलं असतं. त्या दिवशी ती रस्त्यातच खाली बसली, माझा अंगठा हातात घेतला. तिचे डोळे भरले होते.

"दुखते का वं?"

"खूप दुखून राहिलं."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि सुटलेली दोरी पुन्हा माझ्या हातात दिली.