‘कुठं?’ नव्हे... ‘लांब का?’

घुंगरमाळांचा तो आवाज अजून कानात आहे... निपाणीच्या तंबाखूबाजाराकडे निघालेल्या बैलगाड्यांचा. शाळेतल्या कवितेसारखा. अर्थाच्या आधी चालच लक्षात राहायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेंगळूरहून आलेल्या मूर्ती नावाच्या तरुण इंजिनिअरबरोबर मी रस्त्याच्या सर्व्हेला होतो. कुठल्या वेळी कुठला रस्ता भरेल आणि तो भरला की गाड्या कुठून वळतील, हे त्याला कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं होतं... बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यांचं!

बेंगळूरच्या त्या मशीनवर त्याला एकदाच पाळी मिळणार होती. आमची माहिती चुकली की त्याची सगळी मेहनत पाण्यात.

नाक्यावर उभं राहून आम्ही छापील प्रश्न विचारायचा, ‘कुठं निघालात?’

पहिल्याच गाडीवाल्या आप्पांनी कासरा ओढला. “निघताना ‘कुठं’ म्हणून इचारतंय व्हय रं कोण? केलास न्हवं अपशकुन! आता घटकाभर बसाय पायजे.” आणि भर रस्त्यात गाडी थांबवून ते खरंच पानाला चुना लावत बसले...

मागच्यालाही आम्ही तेच विचारलं. तोही बसला. “लई शिकल्यात वाटतं!” म्हणाला.

बघता बघता रांग लागली. गर्दी मोजायला गेलो आणि गर्दी आम्हीच केली! वेळेचे आकडे सगळे खोटे... मूर्ती अगदी रडवेला झाला.

तो आप्पांशेजारी जाऊन बसला, कन्नडमधून माफी मागितली. आप्पा हसले, “आईनं शिकवलं न्हाय व्हय तुला?”

मूर्तीनं कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या घरीही बाहेर पडणाऱ्याला ‘एल्लिगे?’, म्हणजे ‘कुठं?’, असं विचारत नसत. इकडं बेळगावजवळ येळ्ळूरला माझी आईही तेच सांगायची... कागद घेऊन आलो, आणि दोघांच्याही आया घरीच राहिल्या!

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला. “लांब का, आप्पा?”

“न्हाय ओ, हितंच, संकेश्वरला!” मग माणसं आपणहून बोलायची... कुठं रस्ता तुंबतो, तुंबला की कुठल्या पाणंदीतनं गाडी घालतात, सगळं.

मूर्ती मशीनसाठी माहिती भरलेल्या कार्डांच्या पेट्या घेऊन बेंगळूरला गेला. ‘मशीननं ऐकलं’ एवढाच निरोप आला. पुढं कित्येक वर्षं गाठ पडली नाही. पण घरातून कुणी निघालं की अजून मला तो नाका आठवतो, आणि दोन भाषांतल्या त्या दोन आया.

परवा संध्याकाळी फिरायला म्हणून चपला घातल्या, दार उघडलं... पायरीवर पांढऱ्या केसांचा एक माणूस, हात बेलकडे नेलेला. माझ्या चपलांकडे बघून तो हसला.

“लांब का, अण्णा?”