चौघांचा बाप

रियाधच्या इस्पितळात माझ्या मेंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या खाटेवर एक सौदी आजोबा होते. दिवसभर इवल्याशा कपातून कहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायचे आणि पुरे झाला की कप हलवून दाखवायचे. त्यांचं नाव विचारून उपयोग नव्हता. ऑपरेशनपासून मला कामगार कॅम्पातल्या माझ्या चार रूममेट्सचीसुद्धा नावं आठवत नव्हती.

शुक्रवारी ते चौघे मला भेटायला आले. गार्डने दारातच अडवलं, फक्त नातेवाईक! चौघे एकदम म्हणाले, "हम इसके भाई!" एक मल्याळी, एक नेपाळी, एक पठाण आणि एक चिपळूणचा. गार्ड एकेकाचं नाक बघत राहिला.

आजोबांनी कप हलवला आणि गंभीरपणे म्हणाले, "सब भाई. इनका बाप मेरा दोस्त."

टाके दुखेपर्यंत हसलो मी. आणि हसता हसताच चौघांना हाका मारल्या. नावानिशी!