मेणबत्ती विझवणारा पंखा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या बसस्थानकावर लोहाऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो. निघालो होतो माकणीला, त्यांच्याचकडे. पिशवीत त्यांनी मागवलेली सोल्डरिंगची तार होती. मामेभाऊ प्रशांत एवढंच म्हणाला, "दादा, अण्णा गेले." आता ही तार दुकानदार परत घेईल का, हा पहिला विचार माझ्या मनात आला. अशा वेळी मन कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही...

मामांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. विजेशी त्यांचा संबंध फ्यूज बदलण्यापुरता, तोही भीतभीत. निवृत्तीनंतर मामीला अर्धांगवायू झाला. एक बाजू लुळी पडली, बोलणं शाबूत राहिलं. पण मामीनं कधी कुणाकडं काही मागितलंच नव्हतं. पत्र्याच्या खोलीत उशी घामानं भिजली तरी उत्तर ठरलेलं : "मला काय व्हतंय?" पहाटे गारठून आखडली तरी तेच. मामा वैतागायचे. "अगं, तोंड हाय ना तुला? पंखा लावा म्हणायला काय जातंय?" मामी छताकडं बघत राहायची. शेवटी मामांनी तिला विचारणं सोडलं आणि ते काम पंख्यावरच सोपवायचं ठरवलं.

वीज सारखी जायची म्हणून पंखा घेतला बॅटरीवर चालणारा, डीसी. मोबाइलवर बघून बघून साबणाच्या डबीत सर्किट बसवलं, जुन्या रेडिओचं बटन लावलं, आणि लांब वायरीच्या टोकाला मुगाएवढा एक मणी. मणी तापला की पंखा वेग घेणार, निवला की मंदावत थांबणार. बोटं भाजून घेत, नको तिथं तारा जोडत हे सगळं जमेपर्यंत उन्हाळा तोंडावर आला.

ज्या दिवशी तो पहिल्यांदा चालला, त्या दिवशी मी तिथंच होतो. मणी त्यांनी बुद्धमूर्तीच्या फळीवर चिकटवला होता, घरातली मानाची जागा म्हणून. संध्याकाळी वंदनेला तिथंच मेणबत्ती लावली. दोन ओळी होताहेत तोवर मणी तापला, पंखा भणाणत सुटला आणि मेणबत्ती विझली. मग मणी निवला, पंखा थांबला. मामांनी मेणबत्ती पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी खाटेवरून खुसखुस ऐकू आली.

"अवो, त्येला वंदना आवडंना वाटतं," मामी म्हणाली.

"नास्तिक निघाला की गं!" मामा गंभीरपणे म्हणाले, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आजारपणानंतर मामीला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या नवरा-बायकोचा मला हेवा वाटला.

मग मणी मामीच्या उशाशी, खाटेला बांधला. त्यानंतर त्या खोलीत मामीला हवं तसं हवामान असायचं, तिनं एक शब्द न बोलता. मामा शेजारच्या खुर्चीवर कधी घामाघूम, कधी शाल पांघरून बसलेले असायचे.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं बरीच आली. बायका मामीच्या खाटेला खेटून बसल्या. समोरच्या टेबलावर मामांचा फोटो आणि मेणबत्ती. भंतेजींनी सुरुवात केली तोच गर्दीच्या उबेनं मणी तापला आणि पंखा पूर्ण वेगानं फिरू लागला. मेणबत्ती विझली. प्रशांतनं ती पुन्हा लावली, पुन्हा विझली. तो ओशाळून साबणाच्या डबीकडं गेला, बटनाला हात घालणार इतक्यात खाटेवरून आवाज आला.

"प्रशांत, हात लावू नको त्येला. चालू दे."

मामीनं काही मागितलेलं आम्ही कुणीच आजवर ऐकलं नव्हतं. प्रशांत मागं सरला. मी मेणबत्ती पुन्हा लावली आणि वंदना संपेपर्यंत दोन्ही हातांचा आडोसा करून उभा राहिलो. पाठीवर पंख्याचा वारा लागत होता.